गोठ्यात भरणारा चित्रवर्ग: इटलीच्या खेड्यांतल्या सुट्टीतल्या कलावर्गांची पार्श्वभूमी

तोस्काना आणि उंब्रिया या मध्य इटलीतल्या प्रांतांत टेकडीवरच्या दगडी शेतघरात आठवडाभर राहून चित्रकला, लेखन किंवा विणकाम शिकवणारे वर्ग आता जगभरच्या लोकांना ठाऊक आहेत. शनिवारी पोचायचं, पुढच्या शनिवारी निघायचं. वर्ग बहुधा तळमजल्यावर असतो. जाड भिंती, छोट्या खिडक्या, पायाखाली विटांची फरशी. भिंतीकडे नीट पाहिलं तर रोवलेल्या लोखंडी कड्या दिसतात. त्यांना कियाना खोऱ्यातले पांढरे, थोराड बैल बांधत. म्हणजे ही खोली गोठा होती. या वर्गांची गोष्ट तिथूनच सांगायला हवी.

ही घरं अर्धलीने शेत कसणाऱ्या कुटुंबांची. या पद्धतीला तिकडे मेझ्झाद्रिया म्हणत. जमीन आणि घर मालकाचं, कष्ट कुळाचे आणि पीक अर्धं-अर्धं. अशी वहिवाट मध्ययुगापासून थेट विसाव्या शतकापर्यंत चालली. खाली गोठा, बाहेरून दगडी जिना, वर मोठ्या चुलीचं स्वयंपाकघर, त्याभोवती झोपायच्या खोल्या. हिवाळ्यात जनावरांची ऊब वर पोचावी म्हणून ही रचना. घरातल्या कर्त्या पुरुषाला कापोच्चा म्हणत. कोंबड्या, भाजीपाला आणि माजघर सांभाळणारी ती मास्साइया. अनेक ठिकाणी घरातल्या लग्नालाही मालकाची संमती लागे. आज ज्या घराच्या साधेपणाचं पाहुणे कौतुक करतात, तो साधेपणा कुणी हौसेने निवडलेला नव्हता. वर्ग चालवणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या दिवशी एवढं तरी पाहुण्यांना सांगावं, असं मला मनापासून वाटतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे सगळं झपाट्याने मोडलं. १९५१ मध्ये इटलीतल्या कामकऱ्यांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त लोक शेतीत होते. १९७१ पर्यंत ते वीस टक्क्यांच्याही खाली आले. प्रातोच्या कापड गिरण्या, फ्लोरेन्स, मिलान, तोरिनो इथे पगार होता, घरात नळ आणि वीज होती. १९६४ च्या कायद्याने नवे अर्धलीचे करार करायला बंदी घातली आणि चालू करारांत कुळाचा वाटा ५८ टक्के केला. पण तोवर हजारो कुटुंबं निघून गेली होती. आपल्याकडे कूळकायद्याने कसणारा बऱ्याच ठिकाणी जमिनीचा मालक झाला. तिकडे कायदा येईपर्यंत कसणाराच घर सोडून गेला होता. छपरं कोसळू लागलेली ही घरं साठ-सत्तरच्या दशकांत स्वस्तात विकली गेली, आणि घेणाऱ्यांत इंग्रज आणि जर्मन बरेच होते. त्यांतले काही चित्रकार, काही लेखक.

पण कलावंत त्या मुलखात नवे नव्हते. फ्रेंच चित्रकार पिएर-आंरी द व्हालांसिएन याने १८०० मध्ये निसर्गचित्रावर ग्रंथ लिहिला. उघड्यावर बसून अभ्यासचित्र करायचं तर दोन तासांच्या वर बसू नका आणि सूर्योदय-सूर्यास्ताला अर्धाच तास द्या, कारण उजेड पालटतो, असा त्याचा सल्ला होता. हाच धडा पुढच्या पिढीतल्या कामील कोरो या फ्रेंच चित्रकाराने गिरवला. १८२६ मध्ये उंब्रियातल्या नार्नी गावाजवळच्या मोडक्या रोमन पुलाचं अभ्यासचित्र त्याने नदीकाठी बसून केलं. आजच्या चित्रवर्गांत सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशा दोन छोट्या बैठका असतात, त्या या सल्ल्याशी जुळतात.

रोमच्या पूर्वेला ओलेव्हानो रोमानो नावाचं डोंगरातलं गाव आहे. योझेफ आंतोन कोख या चित्रकारापासून जर्मन कलावंतांच्या पिढ्या तिथे उन्हाळा काढायला येत आणि बाल्दी कुटुंबाच्या खाणावळीत उतरत. गावाजवळ सेर्पेंतारा ही ओकांची राई होती; चित्रकारांची लाडकी. १८७३ मध्ये ती रेल्वेच्या स्लीपरांसाठी तोडायचं ठरलं. तेव्हा चित्रकारांनी वर्गणी काढून राईच विकत घेतली आणि झाडं वाचली. पाहुणे म्हणून आलेल्यांनी गावाचं काही राखल्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

राहून शिकायची, म्हणजे निवासी वर्गाची रीत मात्र वेगळ्या वाटेने आली. उंब्रियातल्या चित्ता दी कास्तेल्लोजवळ माँतेस्का नावाची वाडी आहे, लेओपोल्दो आणि अलिस फ्रांकेत्ती या दांपत्याची. त्यांनी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी तिथे शाळा काढली होती. मुलं हवामान, पानं, पाखरं बघून वहीत टिपत. १९०८ मध्ये अलिस यांनी तेला उंब्रा ही हातमागाची कार्यशाळा सुरू केली आणि विणणाऱ्या बायकांच्या तान्ह्यांसाठी पाळणाघरही ठेवलं. पुढच्याच वर्षी, १९०९ च्या उन्हाळ्यात, याच वाडीवर मारिया माँटेसरी यांनी शिक्षकांसाठी आपला पहिला प्रशिक्षणवर्ग घेतला आणि त्यांचं पद्धतीवरचं पुस्तक त्याच गावात छापलं गेलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या बोर्डी-कोसबाडच्या कामामागे जी माँटेसरी पद्धत होती, तिच्या शिक्षक-प्रशिक्षणाची ही सुरुवात. सुट्टीत खेड्यातल्या घरी राहून शिकणं म्हणजे चैन नव्हे, हे तिथे आधीच सिद्ध झालं होतं. तेला उंब्राचे माग आजही हातानेच चालतात.

संगीतात हे काम सिएना शहरात झालं. काउंट ग्विदो कीजी साराचिनी यांनी १९३२ मध्ये आपल्या वाड्यात उन्हाळी वर्गांची अकादमी काढली. मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता १९५६ च्या उन्हाळ्यात संगीतसंचालन शिकायला तिथेच होते.

लेखनवर्गांचा साचा मात्र इंग्लंडातून आला. जॉन मोट आणि जॉन फेअरफॅक्स या कवींनी १९६८ मध्ये डेव्हनमध्ये आर्व्हन ही निवासी लेखनवर्ग घेणारी संस्था सुरू केली. खेड्यातलं घर, दोन मार्गदर्शक, मोजके लिहिणारे, आणि स्वयंपाक सगळ्यांनी पाळीपाळीने करायचा. रिकामी इटालियन शेतघरं घेतलेल्यांना हा साचा आयताच मिळाला.

सरकारी मान्यता यायला वेळ लागला. आग्रिटुरिस्ट ही शेतकऱ्यांची संघटना १९६५ मध्ये निघाली, पण कृषी पर्यटनाचा राष्ट्रीय कायदा झाला डिसेंबर १९८५ मध्ये. त्याची मुख्य अट अशी की शेती हाच मुख्य धंदा राहिला पाहिजे, पाहुणचार तिला जोडून. आणि त्याच कायद्याने शेतावर मनोरंजनाचे व सांस्कृतिक कार्यक्रम करायची मुभा दिली. २००६ च्या नव्या कायद्याने शैक्षणिक उपक्रमही त्यात घेतले आणि ते शेताच्या हद्दीबाहेरही चालतील असं म्हटलं. आता टेकडीवरचा बांध, नदीकाठ, गावचा चौक, सगळीकडे वर्ग नेता येतो. अर्थात हा नियम शेतकऱ्याला. ज्या घरांत शेतीच नाही, तिथले वर्ग या कायद्यात बसत नाहीत. ही अट मला फार मोलाची वाटते. द्राक्षं किंवा ऑलिव्ह उतरवायच्या दिवसांत घरातली माणसं आधी रानात जातात, वर्ग त्यांच्या सवडीने चालतो, आणि पाहुण्याला कळतं की आपण जित्या शेतावर आहोत.

राहिलेल्या लोकांनीही काही केलंच. पिएन्झाजवळच्या मोंतिक्येल्लो या छोट्या गावाने, कुळं निघून जात होती त्याच काळात, १९६७ मध्ये आपलं नाटक सुरू केलं. हिवाळ्यात गावकरी एकत्र बसून यंदा काय सांगायचं ते ठरवतात आणि उन्हाळ्यात चौकातच प्रयोग होतो. नट गावचेच, विषय आपल्याच जगण्याचे: अर्धली, युद्ध, ओस पडलेली घरं, आणि ती घरं विकत घ्यायला आलेले परके.