काणीला 'स्मट' का म्हणतात?

उसाच्या शेंड्यातून चाबकासारखा काळा फोक, म्हणजे 'चाबूक', बाहेर पडला की कोल्हापुरातल्या शिरोळ-हातकणंगल्याकडे म्हणतात, काणी आली. माहितीपत्रकात त्याच रोगाचे नाव 'स्मट' असते. हा शब्द मूळचा रोगाचा नव्हेच. स्मट म्हणजे काळा डाग, मळ. जर्मनमधला घाणीसाठीचा 'श्मुट्झ' त्याचाच भाऊबंद. अश्लील मजकुरालाही इंग्रजीत स्मटच म्हणतात. पिकाच्या रोगाला हे नाव १७व्या शतकात लागले, तेही काळ्या भुकटीवरून. लॅटिनमध्ये तीच भुकटी जळकी दिसली, म्हणून बुरशीच्या प्रजातीला 'उस्टिलागो' हे नाव मिळाले, जाळणे या अर्थाच्या धातूवरून.

डाग म्हटला की तो वरून बसला असेच वाटते. युरोपात कितीतरी काळ दोष धुक्याला आणि हवेला दिला गेला. शेतीवर लिहिणाऱ्या इंग्रज जेथ्रो टलने १७३३ मध्ये एक हकिकत नोंदवली: ब्रिस्टलजवळ बुडालेल्या जहाजातला, समुद्राच्या पाण्यात भिजलेला गहू पेरला, त्यात स्मट आला नाही. त्यातून मिठाच्या पाण्यात बियाणे भिजवण्याची रीत पडली. फ्रान्समध्ये संशोधक तिये यांनी १७५५ मध्ये काळी भुकटी बियाण्याला लावून गव्हात रोग येतो हे दाखवले. १८०७ मध्ये संशोधक प्रेव्होस्त यांनी त्या भुकटीतले बीजाणू, म्हणजे बुरशीचे बी, रुजताना पाहिले, आणि तांब्याच्या क्षाराने ते रुजणे थांबते हेही.

उसाचेही तसेच. बुरशी कांडीच्या डोळ्यात असते, म्हणून बेणे, म्हणजे लागणीचा ऊस, वरून कितीही स्वच्छ दिसले तरी भरवसा नाही. १०० लिटर पाण्यात १०० ग्रॅम कार्बेन्डॅझिम हे बुरशीनाशक घालून टिपऱ्या (बेण्याचे तुकडे) १० ते १५ मिनिटे बुडवतात. पण मुरलेल्या रोगाला उष्णताच लागते. त्यासाठी बेणेमळ्यातले बेणे बाष्पयुक्त उष्ण हवेत ५४ अंश सेल्सिअसला ४ तास ठेवतात. उष्णता वाढली तर डोळे मरतात, कमी पडली तर बुरशी राहते.

स्मटचे भाषांतर कोणी 'काजळी' करते, ते मात्र चूक. काजळी मावा किंवा पांढरी माशी या किडींनी सोडलेल्या चिकट्यावर वाढते आणि बोटाने पुसली जाते. काणी पुसून जात नाही. चाबूक नुसता कापला तर भुकटी शेजारच्या सरीत उडते आणि बेटातून पुन्हा चाबूक निघतो. आधी त्यावर पिशवी चढवायची, मग बेट मुळासकट काढून जाळायचे. अशा फडाचा खोडवा (तोडणीनंतर बुडख्यांतून फुटणारे पुढचे पीक) ठेवू नये, तिथले बेणे तर नकोच.