विमानाने ट्रेकला निघालात? मग आम्ही भरून दिलेली सॅक घरी उसकटू नका

ट्रेकचं सामान आम्ही भाड्याने देतो. मनाली, लेह, उत्तराखंडला जाणारे आमचे बरेच ग्राहक छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरून दिल्लीचं विमान धरतात. त्यांना आम्ही सामान दोन भागांत भरून देतो: निळी सॅक चेक-इनला, नारिंगी पाऊच हातात. तरी घरी गेल्यावर सगळं पलंगावर ओतून पुन्हा भरायचा मोह आवरत नाही, आणि पाऊचमधली पॉवर बँक ‘नीट राहील’ म्हणून हमखास स्लीपिंग बॅगच्या पोटात जाते.

पुढचं आम्हाला फोनवर कळतं. एक्स-रेमध्ये पॉवर बँक दिसली की सॅक अडते आणि तुम्हाला बोलावणं येतं. स्लीपिंग बॅग सगळ्यात खाली, म्हणजे आधी तंबू काढा, मॅट काढा, चपला काढा. काढणं सोपं, भरणं अवघड. स्लीपिंग बॅगची घडी घालायची नसते, पायाकडून मूठमूठ कोंबत पिशवीत दाबायची असते. दुकानात दाखवलेलं हे तंत्र मागे रांग लागली की कुणालाच आठवत नाही. एका काकांनी शेवटी ती उपरण्यासारखी खांद्यावर टाकून विमानात नेली.

पॉवर बँक चेक-इनला चालत नाही, हा नियम उगाच नाही. लिथियमच्या बॅटरीने पेट घेतला तर केबिनमध्ये विझवायला माणसं असतात, खाली सामानाच्या कप्प्यात कोण बघणार? १०० वॉट-अवरपर्यंतची पॉवर बँक हातातल्या सामानात चालते. आमची २०,००० एमएएचची आहे, म्हणजे ७४ वॉट-अवर. तिच्यावरचे आकडे वाचता आले पाहिजेत, म्हणून त्यावर स्टिकर चिकटवू नका. हेडटॉर्चचे सुटे लिथियम सेलही पाऊचमध्येच ठेवा.

‘स्टोव्ह देता, मग गॅस का देत नाही?’ हे रोजचं. गॅसचा डबा विमानात कुठेच चालत नाही, हातात नाही, चेक-इनमध्ये नाही, अर्धा वापरलेला तर नाहीच. दिला असता तर आमचेही चार पैसे सुटले असते, पण तो विमानतळावरच टाकून द्यावा लागणार. मनाली, लेह, डेहराडूनच्या बाजारात डबे मिळतात. घेताना आयसोब्युटेन-प्रोपेनचं मिश्रण मागा. नुसतं ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वाफच धरत नाही, पहाटे चहाला बसाल तर बसूनच राहाल. तिकडे लांब तोंडाचा डबा मिळाला तर आमच्या स्टोव्हला अ‍ॅडाप्टर लागतो. तो पाऊचच्या आतल्या कप्प्यात आहे, त्याचं भाडं नाही. काडेपेटी, लायटरही तिकडेच घ्या.

तंबूच्या खुंट्या, ट्रेकिंग काठ्या, चाकू चेक-इनला. दशम्या, शेंगदाण्याची चटणी खुशाल न्या, पण सुक्या खोबऱ्याची अख्खी वाटी सॅकमध्ये नको. खोबऱ्यात तेल असतं, त्यावरूनही सॅक उघडायला लावतात.

वजनाचं म्हणाल तर देशांतर्गत साध्या तिकिटावर बहुधा १५ किलो चेक-इन आणि ७ किलो हातात. तुमच्या तिकिटावरचा आकडा बघून घ्या. येताना तंबू ओला असेल तर वजन वाढतं, तेव्हा तासभर उन्हात टाकून मगच गुंडाळा.

आणि भरायचंच असेल तर निघायच्या आदल्या संध्याकाळी कपडे घेऊन दुकानात या. वजनकाटा इथेच आहे. तुमच्यासमोर भरून देतो, वेगळे पैसे घेत नाही.