इंजिन बंद पडले म्हणून जायरोप्लेन कोसळते का?

जायरोप्लेन म्हणजे लहान हेलिकॉप्टर, आणि उड्डाणानंतर लगेच इंजिन बंद पडले की पाती थांबून ते दगडासारखे खाली येते, हा समज मालवण-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर अशा अपघाताची बातमी आली की पुन्हा ऐकू येतो. तो चुकीचा आहे. १९२३ साली स्पेनमध्ये ह्वान दे ला सिएर्व्हा यांचे असे यान प्रथम यशस्वीपणे उडाले, तेव्हापासून त्याचे तत्त्व तेच आहे: इंजिन फक्त पंखा फिरवून यानाला पुढे नेते, तर डोक्यावरची पाती खालून वर जाणाऱ्या हवेने फिरत राहतात. उड्डाणापूर्वी त्यांना इंजिनाने गती देतात, एवढाच काय तो त्यांचा संबंध.

मग अपघात होतात कसे? पात्यांना पुरेशी गती येण्याआधीच यान वेगाने धावू लागले, तर पाती वरखाली हेलकावतात आणि कधी शेपटीवर किंवा जमिनीवर आदळतात. घाईने नाक उंचावून, कमी वेगात वर चढणे तर अधिक घातक, कारण त्या क्षणी इंजिनाने दगा दिल्यास पाती फिरत असूनही, नाक खाली करून वेग मिळवण्याइतकी आणि तो वापरून अलगद टेकण्याइतकी उंचीच हाताशी नसते. जायरोप्लेन कधी पडतच नाही, हा उत्साही मंडळींचा दावाही म्हणूनच तितकाच पोकळ आहे. खाऱ्या वाऱ्याने भाग गंजू नयेत म्हणून किनाऱ्यावर देखभाल काटेकोर हवी, हे खरे. पण गंज नसलेले इंजिनही उंची आणि वेगाची ही उणीव भरून काढत नाही.