खिडकीचे गज वाकडे दिसू लागले तर

खिडकीचे गज मधेच वाकलेले दिसतात. चष्मा पुसून झाला, डोळे धुऊन झाले, तरी तसेच. डावा डोळा झाकला की सगळं सरळ, उजवा झाकला की गज पुन्हा वाकडे आणि नजरेच्या मधोमध एक करडा डाग. दुखत नाही, डोळा लालही नाही. असा रुग्ण बहुतेकदा तिशी ते पन्नाशीतला पुरुष असतो, आणि त्याला पहिल्याच भेटीत विचारायला हवं : स्टिरॉइड घेताय का? गोळी, इंजेक्शन, दम्याचा पंप, खाजेचं मलम, काहीही?

या आजाराचं नाव सेंट्रल सीरस कोरिओरेटिनोपथी. डोळ्याच्या पडद्यामागे रक्तवाहिन्यांचा दाट थर असतो. त्यातून पाणी झिरपतं आणि पडद्याचा नेमका मधला भाग, ज्याने आपण अक्षरं वाचतो, तो फोडासारखा वर उचलला जातो. 1866 मध्ये जर्मन नेत्रतज्ज्ञ आल्ब्रेख्त फोन ग्रेफ यांनी याचं वर्णन केलं, तेव्हा त्यांना ती पडद्याची सूज वाटली. सुजेवर स्टिरॉइड देणं हा डॉक्टरांचा नेहमीचा मार्ग. इथे मात्र त्यानेच पाणी वाढतं.

असं का होतं, हे समजायला कॉर्टिसॉलकडे यावं लागतं. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी हे संप्रेरक बनवतात. पहाटे ते चढतं, मध्यरात्री अगदी खाली येतं. कुशिंग सिंड्रोममध्ये, म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल सतत जास्त राहण्याच्या आजारात, हा उतार नाहीसा होतो, म्हणून तपासणीत रात्री उशिराची लाळ घेऊन त्यातलं कॉर्टिसॉल मोजतात. बाहेरून स्टिरॉइड घेतलेलं नसेल, तर कारण बहुधा मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतली बारीक गाठ. अमेरिकन न्यूरोसर्जन हार्वे कुशिंग यांनी 1932 मध्ये हा संबंध मांडला. गाठ मोठी असेल तर ती वरून जाणाऱ्या दृष्टिचेतांना दाबते आणि दोन्ही बाजूंचं, कानाकडचं दिसणं कमी होतं; पण कुशिंगमधली गाठ सहसा 10 मिलिमीटरपेक्षाही लहान असते. तिथे डोळ्याला त्रास होतो तो गाठीच्या दाबापेक्षा रक्तातून पोहोचणाऱ्या कॉर्टिसॉलचा, आणि त्यामुळे वाढलेल्या साखरेचा नि रक्तदाबाचा. 1993 च्या एका अभ्यासात कुशिंगच्या 60 रुग्णांपैकी 3 जणांच्या पडद्याखाली असं पाणी आढळलं होतं.

औषधातलं स्टिरॉइड म्हणजे कॉर्टिसॉलचंच भावंड. डोळ्याला ते ग्रंथीतून आलं की बाटलीतून, याने फरक पडत नाही.

मला सर्वात जास्त काळजी वाटते ती काचबिंदूची. डोळ्यात सतत पाणी तयार होतं आणि एका जाळीतून निचरा होऊन रक्तात जातं. स्टिरॉइडमुळे या जाळीत प्रथिनांचा गाळ साठतो, मोरीच्या जाळीत केस अडकावेत तसा. पाणी तुंबतं, दाब चढतो, आणि तो चढलेलाच राहिला तर दृष्टिचेता मरू लागते. साधारण दर तीन माणसांत एकाचा दाब स्टिरॉइडच्या थेंबांनी थोडाफार वाढतो, काहींचा फारच. आपल्याकडे उन्हाळ्यात ॲलर्जीने डोळे चोळणारी मुलं पुष्कळ. औषधाच्या दुकानातून आणलेल्या थेंबांनी खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून आईवडील दर वर्षी, कधी महिनोन्‌महिने तीच बाटली आणत राहतात. दाब आतल्या आत वाढत असतो आणि मूल तक्रार करत नाही, कारण त्याला कडेचं कमी दिसतंय हे कळतच नाही. मोतीबिंदूही याच औषधाने लवकर येतो, भिंगाच्या मागच्या बाजूला, त्यामुळे समोरून येणारे गाडीचे दिवे डोळ्यांत पसरतात; पण तो शस्त्रक्रियेने निघतो. काचबिंदूत मेलेली चेता परत येत नाही.

गज वाकडे दिसणाऱ्या माणसाचं पाणी मात्र बहुतेकदा तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं. स्टिरॉइड कमी करायचं असेल तर ते डॉक्टरांच्या सांगण्यावरून, हळूहळू. कारण बाहेरून मिळतंय म्हणून अधिवृक्क ग्रंथी झोपलेल्या असतात. गोळ्या एकदम बंद केल्या तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं.