कानाझावाची दोन हस्तकला संग्रहालये आणि त्यांतला फरक

जपानमधील इशिकावा प्रांताचे मुख्य शहर असलेल्या कानाझावात हस्तकला पाहण्यासाठी जाणाऱ्याची एका ठिकाणी गफलत होण्याचा संभव फार आहे. केन्रोकुएन या प्रसिद्ध उद्यानाच्या एका अंगाला राष्ट्रीय हस्तकला संग्रहालय आहे आणि दुसऱ्या अंगाला इशिकावा प्रांताचे पारंपरिक हस्तकला संग्रहालय आहे. दोन्हींमधले अंतर सहज पायी जाण्याजोगे आहे, नावे मिळतीजुळती आहेत आणि लाखकाम, चिनी मातीची भांडी, रंगवलेले रेशीम दोन्हीकडे दिसते. त्यामुळे एक पाहिले की दुसरे टाळले तरी चालेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. तसे करू नये, कारण ही दोन संग्रहालये वस्तूकडे अगदी वेगळ्या प्रश्नांनी पाहतात.

राष्ट्रीय संग्रहालय मूळचे टोकियोचे. टोकियोच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाचे हस्तकला दालन म्हणून ते 1977 मध्ये सुरू झाले आणि ऑक्टोबर 2020 मध्ये कानाझावात आले. ज्या दोन लाकडी इमारतींत ते आता आहे, त्या मेजी काळातील लष्करी वास्तू आहेत: एक 1898 चे सैन्याच्या नवव्या डिव्हिजनचे मुख्यालय आणि दुसरी 1909 ची अधिकाऱ्यांची क्लबवजा इमारत. येथे प्रत्येक वस्तूमागे एक नाव असते. सुझुकी चोकिची यांनी 1893 च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनासाठी घडवून घेतलेले बारा धातूचे ससाणे या संग्रहात आहेत, आणि ते पाहताना ही हस्तकला की शिल्पकला, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. याच संग्रहालयात मात्सुदा गोनरोकु यांची छोटेखानी कार्यशाळा पुन्हा उभारलेली आहे. लाखेवर सोन्याची पूड पेरून नक्षी काढण्याच्या माकिए तंत्रातले हे थोर कलावंत 1896 मध्ये कानाझावातच जन्मले, पण त्यांची कारकीर्द टोकियोत घडली.

प्रांताच्या संग्रहालयात मात्र प्रश्न वेगळा आहे: ही वस्तू कुठे बनते, कशी बनते आणि कशासाठी वापरतात? तेथे इशिकावातील 36 पारंपरिक हस्तकला मांडल्या आहेत. त्यांत कुतानीची भांडी, वाजिमाचे लाखकाम आणि कागा युझेन पद्धतीचे रंगवलेले रेशीम या नामांकित कला तर आहेतच, पण बौद्ध देव्हारे, कागदी छत्र्या व कंदील, ढोल, नानाओच्या मेणबत्त्या आणि गळाला लावायची पिसांची आमिषेही आहेत. माझ्या मते या संग्रहालयाचे खरे मोल याच साध्या वस्तूंत आहे, कारण राष्ट्रीय संग्रहालयात ज्यांना सहसा जागा मिळणार नाही अशा कारागिरांचे काम येथे मानाने मांडलेले दिसते. सोन्याच्या वर्खाचेच पाहा. जपानमधील जवळजवळ सगळा वर्ख कानाझावात तयार होतो. एका मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतका पातळ होईपर्यंत तो खास कागदांच्या थरांत ठेवून ठोकला जातो. हा वर्ख देव्हाऱ्यावर चढतो, लाखकामात जातो, देवळांच्या सजावटीला लागतो, आणि तो ठोकणाऱ्याचे नाव कोणत्याही वस्तूवर लिहिलेले नसते.

या फरकाची मुळे मला जपानच्या दोन कायद्यांत दिसतात. सांस्कृतिक वारशाच्या संरक्षणाचा कायदा 1950 चा आहे आणि त्याच्या आधारे एखाद्या तंत्रावर असामान्य प्रभुत्व असलेल्या व्यक्तीला, लोकांच्या बोलीतल्या शब्दांत सांगायचे तर, ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा मान मिळतो. मात्सुदा यांना तो 1955 मध्ये मिळाला. दुसरा कायदा 1974 चा, पारंपरिक हस्तोद्योगांना आधार देणारा. त्यात व्यक्तीचा नव्हे, तर उद्योगाचा विचार आहे: वस्तू मुख्यतः रोजच्या जीवनात वापरली जावी, तिच्या निर्मितीचा मुख्य भाग हाताने केलेला असावा, तंत्र व साहित्य परंपरेने चालत आलेले असावे आणि एका ठरावीक प्रदेशात ती बनवणारे पुरेसे लोक असावेत. इशिकावातील 36 पैकी 10 हस्तकलांना या कायद्याखाली राष्ट्रीय मान्यता आहे. एका व्यवस्थेत शिखर मोजले जाते, दुसरीत कारागिरांची संपूर्ण वस्ती टिकून आहे का, हे पाहिले जाते. 1 जानेवारी 2024 च्या भूकंपाने आणि त्यानंतरच्या आगीने वाजिमा शहराची दैना केली, तेव्हा नेमकी ही वस्तीच धोक्यात आली. वाजिमाचे एक भांडे लाकूड कातणारा, लाखेचे थर देणारा, घासणारा, नक्षी काढणारा अशा अनेकांच्या हातून जाते. त्यांतली एक कार्यशाळा जरी बंद पडली, तरी पुढच्या सगळ्यांचे काम अडते.

म्हणून वेळ असल्यास आधी प्रांताचे संग्रहालय पाहावे आणि मग राष्ट्रीय. साहित्य व तंत्र डोळ्यांखालून गेल्यावर एखाद्या कलावंताने त्या तंत्राला किती पुढे नेले, हे अधिक नीट उमगते. राष्ट्रीय संग्रहालयात विषयवार प्रदर्शने बदलत राहतात आणि दोन प्रदर्शनांच्या मधल्या काळात ते बंदही असते, त्यामुळे ससाण्यांसारखी एखादी ठरावीक कलाकृती पाहायची असेल, तर तारखा आधी तपासून मगच निघावे. राष्ट्रीय संग्रहालयाच्या शेजारीच असलेले इशिकावा प्रांताचे कला संग्रहालय हे या दोहोंहून निराळे तिसरे ठिकाण आहे. सतराव्या शतकातील क्योटोचे कुंभार निनसेई यांनी घडवलेले तितर पक्ष्याच्या जातीच्या फेझंटच्या आकाराचे रंगीत धूपपात्र तेथे आहे, या दोन्ही संग्रहालयांत नाही.