कालव्यावरील सौर वीजनिर्मिती (बडोदे)

पाटबंधाऱ्याच्या कालव्यावर पोलादी सांगाड्याचे छत उभारून त्यावर सौर पॅनेल बसविण्याची आणि निर्माण होणारी वीज जवळच्या उपकेंद्रातून वितरणजालात सोडण्याची पद्धती. भारतात ती प्रामुख्याने गुजरातमध्ये, सरदार सरोवराच्या कालव्यांवर विकसित झाली. बडोदे (वडोदरा) शाखा कालव्यावरील १० मेगावॉट क्षमतेचा प्रकल्प हे तिचे सर्वपरिचित उदाहरण होय.

आद्यत्वाविषयी लेखनात घोटाळा आढळतो. मेहसाणा जिल्ह्यातील चांद्रासण येथे सानंद शाखा कालव्याच्या सुमारे ७५० मी. लांबीवर उभारलेला १ मेगावॉटचा पथदर्शी प्रकल्प एप्रिल २०१२ मध्ये सुरू झाला. बडोद्याच्या प्रकल्पाचे उद्घाटन संयुक्त राष्ट्रांचे तत्कालीन महासचिव बान की-मून यांच्या हस्ते जानेवारी २०१५ मध्ये झाले व त्यास मिळालेल्या प्रसिद्धीमुळे काही ठिकाणी यालाच ‘पहिला’ म्हटले जाते. कालक्रमाने तो मान चांद्रासणचा ठरतो. बडोद्याचे महत्त्व सुमारे ३.६ किमी. लांबी, ३३,००० हून अधिक पॅनेल आणि व्यापारी प्रमाणावरील उभारणी यांत आहे. चांद्रासणसाठी रूढ झालेले ‘जगातील पहिला’ हे बिरुद मात्र छत म्हणजे नेमके काय धरायचे यावर अवलंबून असल्याने जपून वापरलेले बरे.

या प्रयोगामागे धोरणांची मालिका होती. केंद्राची राष्ट्रीय हवामान बदल कृती योजना जून २००८ मध्ये जाहीर झाली. गुजरातने २००९ मध्ये हवामान बदलासाठी स्वतंत्र विभाग आणि सौर ऊर्जा धोरण आणले. जानेवारी २०१० मध्ये राज्य वीज नियामक आयोगाने सौर विजेस पहिली १२ वर्षे युनिटमागे १५ रु. व पुढील १३ वर्षे ५ रु. असा दर ठरवून दिला. ही वीज खरेदी करणाऱ्या गुजरात ऊर्जा विकास निगमाचे मुख्यालय बडोद्यातच आहे. जुन्या वीज मंडळाचे २००५ मध्ये सात कंपन्यांत विभाजन झाले असले, तरी शहरातील दांडिया बाजारातील मराठी मंडळींच्या बोलण्यात ते आजही ‘जीईबी’च (गुजरात इलेक्ट्रिसिटी बोर्ड) आहे.

रचनेतील खरी अडचण पोलादाची आहे. पाण्यात खांब उभे केल्यास प्रवाहास अडथळा होतो व काँक्रीटच्या अस्तरास धोका पोहोचतो, म्हणून आधार शक्यतो दोन्ही काठांवर ठेवून कालवा एका झेपेत ओलांडावा लागतो. जितकी रुंदी अधिक, तितका सांगाडा जड. त्यामुळे शिरोभागी तळाशी सुमारे ७३ मी. रुंद असलेला नर्मदा मुख्य कालवा या कामास निरुपयोगी ठरतो व शाखा कालवेच उरतात. कालव्यांची एकूण लांबी घेऊन त्यावरून संभाव्य मेगावॉट काढणारे अंदाज यामुळेच फुगलेले दिसतात. शिवाय जमिनीवर पॅनेलांच्या रांगा सरळ दक्षिणाभिमुख लावता येतात. येथे कालव्याच्या वळणाप्रमाणे मांडणी बदलावी लागते. दमट हवेमुळे सांगाड्यावर जस्ताचा मुलामा आवश्यक असतो आणि गाळ काढणारे यंत्र छताखाली कसे घालावे, हा प्रश्न पाटबंधारे अभियंत्यांपुढे कायम राहतो. स्फटिकी सिलिकॉनच्या पॅनेलची कार्यक्षमता २५° से. च्या वर दर अंशास साधारण ०.४ ते ०.५ टक्क्याने घटते. पाण्याच्या सान्निध्यामुळे ही घट काहीशी कमी होते, परंतु हा लाभ बेताचाच समजावा.

बाष्पीभवन टळणे हा या पद्धतीचा सर्वाधिक सांगितला जाणारा फायदा. चांद्रासण येथे वर्षाला सुमारे ९० लाख लिटर, म्हणजे ९,००० घनमीटर पाणी वाचेल असे सांगण्यात आले. मुख्य कालव्याचा शिरोभागीचा संकल्पित विसर्ग सेकंदाला सुमारे १,१३३ घनमीटर असल्याने एवढे पाणी तेथून आठ सेकंदांत वाहून जाते. कालव्यातील गळती व पाझर सामान्यतः बाष्पीभवनाहून मोठे असतात, ही बाबही येथे जमेस धरली पाहिजे. जमिनीची बचत हाच अधिक भक्कम आधार दिसतो : १ मेगावॉटला साधारण दोन हेक्टर जागा लागत असल्याने बडोद्याच्या प्रकल्पाने सुमारे वीस हेक्टर जागा वाचविली, आणि मध्य गुजरातेतील ओलिताच्या जमिनीचा भाव पाहता ही गोष्ट लहान नव्हे.

केंद्र सरकारने २०१४ च्या अखेरीस कालव्यांच्या छतांसाठी ५० व काठांसाठी ५० मेगावॉटची प्रात्यक्षिक योजना आखली. तीत छतास मेगावॉटमागे कमाल ३ कोटी रु., तर काठास १.५ कोटी रु. साहाय्य होते, खर्चातील तफावत या दुपटीतून पुरेशी कळते. पुढे बाजारच बदलला. डिसेंबर २०२० मध्ये ऊर्जा विकास निगमाच्याच लिलावात सौर विजेचा दर युनिटला १.९९ रु. पर्यंत उतरला. पॅनेल स्वस्त झाले, पोलाद झाले नाही. त्यामुळे राज्याच्या नियोजनाचा भर कच्छमधील खावडा येथील पडीक जमिनीवरच्या विशाल ऊर्जा उद्यानाकडे वळला. अन्यत्र पंजाबात अशा छतांचे मर्यादित प्रयोग झाले असून अमेरिकेत कॅलिफोर्नियातील टर्लॉक पाटबंधारे क्षेत्रात प्रायोगिक छत उभारण्यात आले आहे.