हायपरकार आणि ठाणे–नवी मुंबई परिसर

हायपरकार : शर्यतीच्या मोटारींसाठी विकसित झालेले तंत्रज्ञान वापरून, पण रस्त्यावर चालवायला कायद्याची मुभा मिळेल अशा बेताने, अगदी मोजक्या संख्येने बांधलेली मोटार. हजार अश्वशक्तीच्या आसपासची किंवा त्याहून जास्त ताकद, कार्बन फायबरचा (कार्बनच्या धाग्यांच्या हलक्या पण मजबूत पदार्थाचा) सांगाडा, ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या घरातला वेग आणि कोटींच्या पटीतली किंमत ही तिची ओळख. फेरारी, लँबोर्गिनी, मॅक्लारेन यांच्या नेहमीच्या मालिकेतल्या गाड्यांना सुपरकार म्हणतात. हायपरकार ही त्यांच्या वरची पायरी. रविवारी पहाटे पाम बीच मार्गावर किंवा घोडबंदर रोडला पोरं ज्या गाड्यांचे व्हिडिओ काढतात, त्या बहुतेक सुपरकारच असतात.

या गाड्यांची चर्चा निघाली की सगळं बोलणं वेगावर येऊन थांबतं. पण वेग गाठणं हे शर्यतीच्या अभियंत्यांना फार पूर्वीच जमलं आहे. खरा कस लागतो तो शर्यतीच्या यंत्राला हळू चालायला लावताना. थंड इंजिन एका बटणावर सुरू व्हायला हवं, सिग्नलला गाडी शांत उभी राहायला हवी, धुराच्या आणि आवाजाच्या चाचण्या पार पडायला हव्यात, गतिरोधकावरून गाडी न घासता जायला हवी. ठाणे-नवी मुंबईचे रस्ते नेमकी हीच परीक्षा घेतात, म्हणून या परिसरातून हायपरकारकडे पाहिलं की तिच्यातलं कौशल्य आणि तिची किंमत दोन्ही जास्त नीट कळतात.

उगम

१९८१ साली मॅक्लारेनने जॉन बर्नार्ड यांच्या आराखड्यानुसार एमपी४/१ ही फॉर्म्युला वन गाडी मैदानात उतरवली. तिचा मुख्य सांगाडा कार्बन फायबरचा होता आणि फॉर्म्युला वनमध्ये ते पहिल्यांदाच घडत होतं. त्यानंतर अकरा वर्षांनी, १९९२ मध्ये, हेच तंत्र त्याच कंपनीच्या मॅक्लारेन एफ१ या रस्त्यावरच्या गाडीत आलं. गॉर्डन मरे हे तिचे रचनाकार. चालक मधोमध बसतो, दोन प्रवासी त्याच्या दोन बाजूंना किंचित मागे, बीएमडब्ल्यूचं ६.१ लिटरचं बारा सिलिंडरचं इंजिन. आणि इंजिनाच्या कप्प्याला आतून सोन्याचा वर्ख, कारण उष्णता परतवून लावण्यात सोनं फार सरस आहे. शर्यतीच्या आणि प्रायोगिक गाड्या धरून एकूण १०६ एफ१ बांधल्या गेल्या. १९९५ मध्ये तिच्या शर्यतीच्या आवृत्तीने ल मॅन्सची २४ तासांची शर्यत जिंकली, आणि १९९८ मध्ये जर्मनीतल्या एरा-लेसीन येथील चाचणी मार्गावर अँडी वॉलेस यांनी एफ१ ताशी ३८६ किलोमीटरच्या वर नेली. रस्त्यासाठी बांधलेल्या गाडीने ल मॅन्स जिंकणं ही या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोठी गोष्ट, असं प्रस्तुत लेखकाचं मत आहे. नवी असताना सुमारे ५ लाख ४० हजार पौंडांना मिळणारी ही गाडी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या लिलावात दोन कोटी डॉलरच्या वर गेली.

नव्वदच्या दशकात उलट दिशेनेही प्रवास झाला. शर्यतीच्या जीटी१ गटात उतरायचं तर रस्त्यावरच्या ठरावीक गाड्या बांधाव्या लागत, म्हणून मर्सिडीजने सीएलके जीटीआर मोजक्या संख्येने विकली. ती रस्त्यावर आणलेली शर्यतीचीच गाडी होती. २००५ च्या बुगाटी वेरॉनने मात्र वेगळी वाट धरली. आठ लिटर, सोळा सिलिंडर, चार टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारी यंत्रं), १००१ अश्वशक्ती आणि एवढी उष्णता बाहेर टाकायला दहा रेडिएटर. शिवाय आत बसणाऱ्याला पूर्ण आराम. पुढे २०१३ च्या सुमारास मॅक्लारेन पी१, फेरारी लाफेरारी आणि पोर्शे ९१८ स्पायडर या तीन गाड्यांनी फॉर्म्युला वनमध्ये २००९ साली आलेली ब्रेकची ऊर्जा साठवून पुन्हा वापरण्याची कल्पना रस्त्यावर आणली.

शर्यतीचं इंजिन रस्त्यावर आणताना

मर्सिडीज-एएमजी वन ही या विषयातली सर्वांत बोलकी गाडी. २०१७ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ती दाखवली गेली आणि प्रत्यक्ष उत्पादन सुरू झालं ते २०२२ मध्ये. मधली वर्षं कशात गेली हे समजून घेण्यासारखं आहे.

तिचं १.६ लिटरचं सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन थेट फॉर्म्युला वनमधून घेतलेलं आहे. शर्यतीत हे इंजिन उभ्या गाडीतही मिनिटाला सुमारे ५,००० फेऱ्यांवर धडधडत असतं, आणि त्याचे भाग एकमेकांत इतके घट्ट बसवलेले असतात की सुरू करण्याआधी आतली द्रव्यं बाहेरून गरम करून फिरवावी लागतात. रस्त्यासाठी उभ्या गाडीतल्या या फेऱ्या १,२०० पर्यंत खाली आणाव्या लागल्या, तेही युरोपच्या धुराच्या नियमांत बसवून. हवा इतक्या कमी फेऱ्यांवर सिलिंडरमध्ये नीट मिसळत नाही, ज्वलन अस्थिर होतं आणि धूर वाढतो. उपाय असा काढला की बटण दाबल्यावर गाडी आधी निव्वळ विजेवर चालू लागते. तेवढ्या वेळात धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर विजेने तापवले जातात, आणि ते पुरेसे तापल्यावरच पेट्रोल इंजिन जागं होतं. चार विजेच्या मोटरी आणि इंजिन मिळून १,०६३ अश्वशक्ती, मिनिटाला ११,००० फेऱ्यांपर्यंतची धाव, आणि ५०,००० किलोमीटरला इंजिन उघडून पूर्ण दुरुस्ती. रोज ठाण्याहून बेलापूरला कामाला जाणाऱ्याची साधी गाडी एवढं अंतर चार-पाच वर्षांत काटते आणि तिला तेल बदलण्यापलीकडे फारसं काही लागत नाही. एकूण २७५ एएमजी वन ठरल्या. किंमत कर सोडून २२ लाख ७५ हजार युरो.

ॲस्टन मार्टिन वल्कीरी ही फॉर्म्युला वन गाड्यांचे रचनाकार ॲड्रियन न्यूई यांची कल्पना. कॉसवर्थने बांधलेलं तिचं साडेसहा लिटरचं इंजिन टर्बोशिवाय ११,००० च्या वर फिरतं आणि गाडीच्या पोटाखालून वाहणारी हवा तिला रस्त्याकडे खेचते. या वर्गातली एक गोष्ट मुद्दाम नोंदवायला हवी : शर्यतीत बंदी आलेल्या युक्त्या इथे मोकळेपणाने वापरता येतात. १९७८ मध्ये स्वीडनच्या शर्यतीत ब्राबॅम संघाची, पोटाखालची हवा खेचून घेणारा पंखा लावलेली गाडी निकी लाउडांनी जिंकून दिली आणि ती त्यानंतर पुन्हा शर्यतीत उतरली नाही. ती गाडी मरे यांचीच होती. चाळीसेक वर्षांनी त्यांनी आपल्या टी.५० या हायपरकारच्या मागच्या बाजूला ४०० मिलिमीटर व्यासाचा पंखा पुन्हा बसवला. वेगानुसार स्वतः उंची बदलणारं सस्पेन्शनही फॉर्म्युला वनमधून १९९३ च्या हंगामानंतर हद्दपार झालं. हायपरकारमध्ये ते आज सर्रास दिसतं.

कार्बन फायबरचं काम जवळून पाहिलं की किंमतीचा अर्धा उलगडा तिथेच होतो. राळेत आधीच भिजवलेलं कापड शीतगृहात गोठवून ठेवतात, नाहीतर राळ आपोआप घट्ट व्हायला लागते. कारागीर त्याचे कापलेले तुकडे साच्यात हाताने एकेक बसवतो. प्रत्येक थराचे धागे कोणत्या कोनात जायचे हे आधी ठरलेलं असतं, कारण ताकद धाग्याच्या दिशेनेच मिळते. थरांमध्ये हवेचा एक बुडबुडा राहिला तरी तो भाग फेकावा लागू शकतो. मग पिशवीत घालून हवा शोषून घेतात आणि ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे उष्णता आणि दाब देणाऱ्या मोठ्या भट्टीत, तासन्‌तास शिजवतात. पत्र्याचा दरवाजा प्रेसखाली काही सेकंदांत निघतो; इथे एकेका भागावर माणसाचे दिवस जातात.

किंमत

एवढं संशोधन, चाचण्या आणि साचे यांचा खर्च शंभर-दोनशे गाड्यांवर वाटला जातो, हे किंमतीचं मूळ कारण. तरीही तो भरून निघेलच असं नाही : बर्नस्टीन या संस्थेने २०१३ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार प्रत्येक वेरॉनमागे बुगाटीचा तेव्हाचा मालक असलेल्या फोक्सवॅगन समूहाला सुमारे ४६ लाख युरोंचा तोटा झाला. दुसरं कारण दुर्मीळपणा. २०१९ ची एकमेव ‘ला व्हुआत्यूर न्वार’ बुगाटीने कर सोडून १ कोटी १० लाख युरोंना विकली; तिच्यातलं यंत्र बुगाटीच्याच शिरॉन या गाडीचं होतं, वेगळेपण होतं ते देहाचं आणि एकुलतेपणाचं. तंत्रासाठी मोजलेले पैसे समजू शकतात. दुर्मीळपणासाठी मोजलेले हे संग्रहाचे पैसे आहेत, आणि दोन्हींची गल्लत करू नये.

भारतात या आकड्यांवर कर चढतात. पूर्ण बांधून आयात केलेल्या महागड्या गाडीवर सीमाशुल्क आणि अधिभार मिळून ११० टक्के लागतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे, आणि तो सीमाशुल्क धरून झालेल्या रकमेवर आकारला जातो. समजा एखादी गाडी बंदरात २० कोटींना उतरली. सीमाशुल्कानंतर ती ४२ कोटींची होते आणि जीएसटीनंतर ५८ कोटी ८० लाखांची. महाराष्ट्रात आयात गाडीचा रस्ता कर २० टक्के असला तरी त्याला कमाल मर्यादा आहे. ती १ जुलै २०२५ पासून २० लाखांवरून ३० लाखांवर गेली. म्हणजे एवढ्या महाग गाडीला रस्ता कर किंमतीच्या एक टक्क्याहूनही कमी बसतो, तर पंचवीस लाखांची पेट्रोल गाडी घेणारा नोकरदार १३ टक्के भरतो. ही मर्यादा न्याय्य आहे असं म्हणणं कठीण आहे. ठाणे (एमएच ०४), वाशी (एमएच ४३) आणि पनवेल (एमएच ४६) या आरटीओंत पासिंग करताना ०००१ सारखा पसंतीचा क्रमांक हवा असेल तर त्याचं शुल्क वेगळं, तेही लाखांत.

२४ जुलै २०२५ रोजी सह्या झालेल्या भारत-ब्रिटन व्यापार करारात ब्रिटिश गाड्यांवरचं आयात शुल्क ठरावीक कोट्यापुरतं टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत उतरवण्याची तरतूद आहे. मॅक्लारेन आणि ॲस्टन मार्टिन दोन्ही ब्रिटिश असल्याने वरचं गणित त्यांच्यापुरतं बदलू शकतं.

पैसे असूनही अनेक हायपरकार इथे येऊ शकत नाहीत, कारण नव्या आयात गाडीचं स्टीअरिंग उजवीकडे असावं लागतं. एएमजी वन आणि शिरॉन डाव्या स्टीअरिंगच्याच निघाल्या. उरण तालुक्यातलं न्हावा-शेवा हे नव्या गाड्यांच्या आयातीला परवानगी असलेल्या बंदरांपैकी एक, त्यामुळे समुद्रमार्गे आलेली महागडी गाडी देशाच्या रस्त्याला पहिल्यांदा लागते ती अनेकदा नवी मुंबईच्या वेशीवर.

इथले रस्ते

अटल सेतूचं उद्घाटन १२ जानेवारी २०२४ रोजी झालं. २१.८ किलोमीटरचा पूल, जवळजवळ सरळ, गुळगुळीत. गाडीसाठी वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर. समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत ५ जून २०२५ रोजी पूर्ण झाला, तिथे मर्यादा १२०. एएमजी वनचा कमाल वेग ३५२ आहे; म्हणजे परिसरातल्या सर्वांत वेगवान रस्त्यावरही तिचा एक तृतीयांशच वेग कायद्याने वापरता येतो. रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पाम बीच मार्गावर रात्री गाड्या पळवणाऱ्यांनी आजूबाजूच्या रहिवाशांची झोप आणि पादचाऱ्यांचा जीव धोक्यात घातला आहे. त्याला मोटारींचं प्रेम म्हणता येणार नाही.

रोजच्या अडचणी साध्या आहेत. भारतीय रस्ते काँग्रेसच्या निकषात गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर, पण ती ३.७ मीटर रुंदीवर हळूहळू चढणारी. सोसायटीच्या गेटवर किंवा गावठाणातल्या गल्लीत बसवलेले गतिरोधक अरुंद आणि टोकदार असतात. हायपरकारचा चालक तिथे पूर्ण थांबतो, बटण दाबतो, पंपाने नाक काही सेंटिमीटर उचललं जाईपर्यंत वाट पाहतो आणि मग तिरकी गाडी काढतो, एका वेळी एकच चाक चढेल अशी. मागे रिक्षांचे हॉर्न चालूच असतात. माजिवडा जंक्शनला मे महिन्यात अर्धा तास अडकलेल्या गाडीत समोरून वारा येत नाही, तेव्हा इंजिन थंड ठेवण्याचं काम फक्त पंख्यांवर येतं. पावसाळ्यात घोडबंदर रोडचे खड्डे पाण्याखाली जातात आणि खोली कळत नाही. बारीक कडेच्या टायरला आणि हलक्या रिमला एक खड्डा पुरतो. इंधनाची सोय मात्र सुधारली आहे : १०० ऑक्टेनचं पेट्रोल डिसेंबर २०२० पासून मुंबई-पुण्यासह काही शहरांत मिळू लागलं.

या परिसराचा मोटारप्रेमाशी संबंध फक्त खरेदीचा नाही. ठाण्यात ज्यांची गिरणी १९२५ पासून ओळखीची, त्या रेमंड समूहाचे गौतम सिंघानिया यांनी सुपर कार क्लब उभा केला. मुंबईच्या महिंद्रा समूहाने तर हायपरकार बांधली : समूहाच्या मालकीच्या ऑटोमोबिली पिनिनफरिना कंपनीची बॅटिस्टा ही पूर्ण विजेवर चालते, १,९०० अश्वशक्ती देते आणि १५० नगांपुरती मर्यादित आहे. तिचं विजेचं तंत्र क्रोएशियाच्या रिमॅककडून आलं आहे. महिंद्राचा संघ विजेच्या गाड्यांच्या फॉर्म्युला ई या शर्यतमालिकेत पहिल्या हंगामापासून, २०१४ पासून, आहे. मराठी वाचकाने हायपरकारच्या इतिहासात आपलं शहर शोधायचं तर ते इथे सापडतं.

पूर्ण वेग अजमावायला महाराष्ट्राबाहेर जावं लागतं. वळणांच्या शर्यतीसाठी ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट आणि चेन्नईजवळचा ट्रॅक आहे. सरळ वेगासाठी मध्य प्रदेशात पिथमपूर येथील नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा लंबगोल मार्ग आहे, जून २०२१ मध्ये सुरू झालेला. त्याची वळणं अशी कललेली आहेत की ताशी २५० किलोमीटरला स्टीअरिंग जवळजवळ वळवावं लागत नाही. ठाण्याहून निघणारा आग्रा रोड नाशिक-धुळे करत त्याच बाजूला जातो. मोठ्या किंमतीच्या गाड्या मात्र हा प्रवास बंद ट्रकमधून करतात.